भुतानं आईला ‘अहो’ म्हणावं का?

आमची रेवा पंचवीस वर्षांची झाली आहे. कुणा समुपदेशकाच्या गुबगुबीत खुर्चीत बसली आहे. त्यांनी विचारलंय, “लहानपणाबद्दल सांगा.” आणि ती शांतपणे म्हणते, “माझी आई घरी प्रेतं आणायची.”

हा सीन मी गेले पंधरा दिवस अंथरुणावर पडल्या पडल्या बघते आहे. कूस बदलली तरी तोच सीन. फक्त खुर्चीचा रंग वेगळा.

वस्तुस्थिती अशी की मी प्रेतं आणत नाही, भाषांतर आणते. रेवाच्या जन्माच्या वेळी कॉलेजातली इंग्रजी शिकवायची नोकरी सोडली, ‘थोडे दिवस ब्रेक’ म्हणून. तो ब्रेक आता पहिलीत गेला. तेवढ्यात देवरे सरांनी एक पुस्तक भाषांतराला दिलं. मुखपृष्ठावर नाही, पण आतल्या पानावर माझं नाव येणार. सहा वर्षांत माझं नाव फक्त गॅस सिलिंडरच्या मेसेजमध्ये आलंय, त्यामुळे आतलं पानही मला चालणार होतं.

देवरे सर म्हणजे आमचे प्रकाशक. ऑफिस नाशिक रोडला, पिठाच्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर. आमची नवी कोरी पुस्तकंसुद्धा त्यामुळे शंभर वर्षं जुनी दिसतात. सरांखेरीज तिथे दोनच माणसं. टायपिंग आणि पानं लावणारी दीपाली, आणि प्रूफं तपासणारे साळवे काका. एवढ्या लहान खोलीत किस्से पिठासारखेच साठतात. झटकले, तरी दुसऱ्या दिवशी तेवढेच.

*

पुस्तक होतं किशोरांसाठीची भयकादंबरी. धुकं, किल्ला, कावळे, सगळा सरंजाम. प्रेतांचे तुकडे शिवून त्यात जीव ओतणाऱ्या शास्त्रज्ञाची जुनी गोष्ट असते ना, तीच उलटी करून घेतलेली. इथे शास्त्रज्ञ आहे एक डॉक्टर बाई, आणि तिनं शिवलेली आहे सोळा वर्षांची मुलगी, आयव्ही. हा त्या गोष्टीचा दुसरा भाग.

मी विचारलं, “सर, पहिला भाग मराठीत कुणी केलाय?”

“कुणीच नाही.”

“मग आपण दुसऱ्यापासून का सुरू करतोय?”

“दुसऱ्याचं कव्हर भारी शे!” सर सटाण्याकडचे. आनंद झाला की त्यांच्या तोंडी अहिराणी येते. “पहिल्यात काय झालं ते तुम्ही पानभर लिहून टाका ना, मॅडम.”

मी लिहून टाकलं. साळवे काकांनी ते पान चष्मा वर करून दोनदा वाचलं.

“म्हणजे पहिल्या भागात सगळे मेले?”

“हो, काका.”

“मग दुसऱ्या भागात कोण आहे?”

“तेच.”

*

पहिली अडचण अशी आली की मूळ पुस्तकात आयव्ही त्या डॉक्टर बाईला सारखी ‘मला घडवणारी’ अशा अर्थाच्या एका भारदस्त शब्दानं हाक मारते. मी दोन दिवस डोकं खाजवून लिहिलं, ‘निर्माती’.

सर म्हणाले, “कुठल्या मालिकेची?”

‘जन्मदात्री’ केलं. दीपाली म्हणाली, आता उदबत्तीचा वास येतोय.

‘करणारी’ केलं. साळवे काका म्हणाले, “काय करणारी? पोळ्या?”

शेवटी मी वैतागून म्हटलं, “सरळ ‘आई’च म्हणते ना!”

आणि खरी अडचण तिथून सुरू झाली.

*

इंग्रजीचं बरं असतं. भूत असो, भाऊ असो, बँकेचा मॅनेजर असो, सगळ्यांना एकच सर्वनाम. मराठीत आधी ठरवावं लागतं, गळा दाबायचाय तो ‘तुझा’ की ‘तुमचा’.

सरांचं मत ठाम होतं. “पुस्तक शाळांच्या लायब्रऱ्यांत जायचंय. जिनं घडवलं तिला एकेरी? अजिबात नाही. संस्कार महत्त्वाचे.”

“सर, ती आईचा खून करायला आलीय.”

“करू द्या ना. पण आदरानं!”

म्हणून मी पाचव्या प्रकरणात लिहिलं: ‘वीज कडाडली. आयव्हीच्या मानेवरची शिवण उसवली. ती किंचाळली, “अहो आई, मला का बनवलंत?”’

दीपाली टाइप करता करता थांबली. “मॅडम, ही सून आहे का?”

बरोबर होतं तिचं. मी स्वतः आईला ‘अगं आई’ म्हणते आणि सासूबाईंना ‘अहो आई’. त्या एका ‘अहो’नं अख्खा किल्ला गंगापूर रोडच्या टू बीएचकेमध्ये आला होता. आता वीज कडाडली काय आणि कुकरची शिट्टी झाली काय, एकच.

मार्ग साळवे काकांनी काढला. ते निवृत्त झालेत प्रेसमधून. नाशिक रोडला नुसतं ‘प्रेस’ म्हटलं की नोटा छापायची प्रेस. “आमचे एक साहेब होते,” काका म्हणाले. “रोज सगळ्यांना अरे-तुरे. पण भयंकर चिडले, की ‘आपण’ म्हणायचे. ‘साळवे, आपण जरा केबिनमध्ये येता का?’ माणसाला तिथेच घाम फुटायचा!”

मी वाक्य बदललं. आयव्ही आता आईला एरवी ‘अगं’ म्हणते, आणि सुरी हातात घेतली की हळूच विचारते, “आई, आपण तयार आहात ना?”

सर खुर्चीत मागे सरकले. “आईशप्पथ. आता भीती वाटली.”

*

तरी सगळ्यात जास्त घाबरले ते सरांचे निफाडचे मावसभाऊ, भाऊसाहेब. द्राक्षांची पेटी द्यायला आले होते. सर म्हणाले, “थांब जरा, सामान्य वाचकाची प्रतिक्रिया घेऊ. वाचा, मॅडम.”

मी आवाज खोल काढून वाचलं, “धुकं दरीतून वर आलं आणि तीन दिवस, तीन रात्री हललं नाही.”

भाऊसाहेबांचा चेहरा उतरला. “तीन दिस?”

“हो.”

“ऊन नायच पडलं?”

“नाही पडलं.”

“अरारारा! मंग डावणी आलीच म्हना.” डावणी म्हणजे द्राक्षावरचा रोग. धुक्यात तो रातोरात बाग खातो. “त्या लोकांनी फवारनी केली का नाय?”

मी पुढे वाचलं. थडगं फुटलं. हात बाहेर आला. हाताला बोटं चारच.

भाऊसाहेब म्हणाले, “त्ये असू द्या हो, ताई. बागेचं काय झालं?”

*

साळवे काकांची तीस वर्षं छापलेल्या कागदातले दोष शोधण्यात गेली. ते वाचत नाहीत, तपासतात. सूर्यास्ताच्या वर्णनात त्यांना सूर्य दिसत नाही, सुटलेला अनुस्वार दिसतो.

तर आयव्हीचं वर्णन असलेलं प्रूफ परत आलं. मी लिहिलं होतं: ‘तिचा डावा हात उजव्याहून लांब होता. दोन डोळ्यांचे रंग वेगळे होते. गळ्याची शिवण तिरकी गेली होती.’

बाजूला लाल पेनानं, जुन्या सवयीनं, काकांनी लिहिलं होतं, ‘रिजेक्ट’.

“काका! ती तशीच आहे. तेच तर पुस्तक आहे!”

काका ओशाळले. पान परत घेतलं, पहिल्यांदाच वाचलं बहुतेक. मग म्हणाले, “आमच्याकडे रिजेक्ट झालं की तुकडे करायचे, ताई. हिनं तुकडे जोडलेत. हे उलटं खातं आहे. मला सवय नाही.”

आणि लाल शाईवर व्हाइटनर लावत बसले. नीट, कडेकडेनं.

*

मग शाळेतून फोन आला.

पहिलीच्या वर्गात ‘माझी आई’ या विषयावर पाच वाक्यं बोलायची होती. रेवानं पहिली चार व्यवस्थित सांगितली. आईचं नाव कल्याणी, आई छान डोसा करते (हे बाईंनी पाठ करून घेतलेलं वाक्य, डोसा मी पिशवीतल्या पिठाचा करते), वगैरे. पाचवं वाक्य तिचं स्वतःचं होतं.

“माझी आई रोज मेलेल्या मुलीला मराठी शिकवते.”

बाई फोनवर फार गोड बोलल्या. “घरी सगळं ठीक आहे ना, मॅडम?” हे त्यांनी तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा मलाच खात्री राहिली नाही.

चूक माझीच. संवाद जमलाय का हे कळायला मी तो मोठ्यानं म्हणते. स्वयंपाक करता करता, आयव्हीच्या आवाजात. पोळी लाटता लाटता “आई, आपण तयार आहात ना?” म्हटलं, तर मागे उभ्या मुलीला काय वाटत असेल, हा विचार एका एम.ए.बी.एड. बाईला सहा महिन्यांत शिवला नाही.

सासूबाई म्हणाल्या, “आतल्या पानावर नाव यावं म्हणून पोरीला भुताखेतांत वाढवायचं? बरंय बाई. आमच्या वेळी नाव भांड्यांवर घालायचे. त्यात भागायचं.”

माझ्याकडे उत्तर होतं. ते रात्री साडेअकराला सुचलं, म्हणून राहिलं.

मी त्या दिवसापासून बेडरूमचं दार लावून काम करायला लागले. रेवाच्या कानावर एकही प्रेत पडायला नको.

*

सरांना सांगितलं, शेवटचं प्रकरण अडलंय, आणि घरी असं असं झालंय.

सरांनी चहा मागवला, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. “मॅडम, तुमची अडचण मला समजते. पोरगी आधी. पण मला शुक्रवारी पुस्तक पाहिजे. पुण्याच्या एक बाई आहेत, आठ दिवसांत अख्खं पुस्तक करून देतात. शेवटचं प्रकरण त्यांना दिलं, तर मग...”

“आतल्या पानावर दोन नावं?”

“त्या स्वतःचं एकटीचंच घालतात.”

दीपाली स्क्रीनमागून म्हणाली, “सर, त्या बाईंनी मागच्या पुस्तकात ‘भूत’चं ‘भूतकाळ’ केलं होतं.”

“तो वेगळा विषय आहे, दीपाली!”

“अख्ख्या पुस्तकात, सर. ‘पिंपळावर भूतकाळ बसला होता.’”

साळवे काका चहात बिस्कीट बुडवत म्हणाले, “चांगलंय की ते. बसतो कधीकधी.”

हसून घेतलं सगळ्यांनी. मीही. पण जिना उतरताना ठरवून टाकलं. आज रेवाला सरळ विचारायचं. भीती वाटते म्हणाली, तर पुस्तक परत. पुण्याच्या बाईंना लखलाभ.

*

शाळेतून आल्यावर ती डायनिंग टेबलाशी शिरा खात बसली होती. सासूबाई देवळात गेल्या होत्या. मी समोर बसले. तिच्याशी बोलायची मी दुपारीच इंटरनेटवरून तयारी केली होती. मुलाच्या उंचीला येऊन बोला, असं तिथे होतं. मी इतकी खाली वाकले की ती म्हणाली, “काही पडलं का?”

“नाही गं. रेवा, तुला आयव्हीची भीती वाटते?”

“नाही.”

“खरं सांग.”

“नाही वाटत. तिचा हात लांब आहे ना, तिला वरचा डबा काढता येईल.”

माझ्या छातीवरचा दगड उतरला. पण मी शिकलेली आई. शंका फिटली की दुसरी काढते.

“मग मी ते पुस्तक परत देऊन टाकू का? सरांना?”

तिनं चमचा चाटला. “दे.”

आतलं पान, त्यावरचं नाव, सहा वर्षं, सगळं त्या चमच्याबरोबर गेलं. मी म्हटलं, “बरं. देते.”

“पण सरांना कशाला? आयव्हीच्या आईकडे दे ना. तिनंच बनवलंय.”

“तेच तर शेवटचं प्रकरण आहे, बाळा. आयव्ही परत येते. आईच्या दाराशी उभी राहते. खूप वेळ उभी राहते. पण आई आत असते आणि दार उघडत नाही. मग आयव्ही काय म्हणते, ते मला चार दिवस झाले, मराठीत जमतच नाहीये.”

रेवानं शिऱ्यातला बेदाणा बाजूला काढला. जरा विचार केला.

“तिला सांग, दार नाही वाजवायचं. हाक पण नाही मारायची. आईचं काम संपलं की येते ती बाहेर. तोपर्यंत चित्र काढत बसायचं.”