जपूनकाकांची वीत

आमच्या कंपनीच्या स्टोअरमधून तीस वर्षांत एक स्क्रूही हरवला नाही, याचं कारण जपूनकाका. हे त्यांचं खरं नाव नव्हे, हे सांगायला नकोच. पण कुणी हातोडा नेला तरी 'जपून', कागदाचा गठ्ठा नेला तरी 'जपून'. एकदा मोठ्या साहेबांनी खुर्ची मागवली, तर त्यांनाही 'जपून' म्हणाले. मी त्यांच्या हाताखाली नऊ वर्षं काढली. पार्सलची सुतळी कापायची सोय नव्हती. गाठ सोडवायची, सुतळी गुंडाळून ठेवायची. एका गाठीपायी माझी दोन नखं मोडली, तेव्हा आता नखंही जपून ठेवायला सांगतात की काय, असं वाटलं होतं.

ते निवृत्त होणार होते त्याच वर्षी कंपनीने श्रमदानाचा दिवस काढला. कारखान्यामागच्या उजाड जमिनीवर याच मातीतली झाडं लावायची आणि कडेने झुडपांचं जिवंत कुंपण करायचं. पलीकडे रोपवाल्या बाईंचा भाजीचा मळा होता, आणि सगळी रोपंही त्यांनीच बियांपासून वाढवलेली. दरवर्षी शेळ्या तो मळा फस्त करायच्या, त्यामुळे बाईंचं सगळं लक्ष कुंपणाकडे. साहेबलोकांनी झाडं लावली, फोटो काढले. एकाने तर रोप पिशवीसकट पुरलं. काकांच्या वाट्याला कुंपणातली तीस रोपं आली. गुडघे टेकून त्यांनी एकेका रोपाची मुळं बोटांनी मोकळी केली, माती दाबली आणि माझ्यावर खेकसत खेकसत पाणी घातलं. इतक्या खुशीत मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

मग बाईंनी कात्र्या वाटल्या. प्रत्येक रोप जमिनीपासून वीतभर ठेवायचं आणि वरचं छाटून टाकायचं. तसं केलं की बुंध्यापासून फांद्या फुटतात, कुंपण दाट होतं. सगळे निमूटपणे छाटू लागले. काकांनी पहिल्या रोपाला कात्री लावली, बाईंची पाठ वळल्याचं पाहिलं आणि कात्री खिशात घातली.

"त्यांनी लेकरासारखं वाढवायचं आणि मी कापायचं?" ते मला हळूच म्हणाले. "कुठे बोलू नकोस."

आमची अळीमिळी गुपचिळी.

दोन वर्षांत कुंपण छातीएवढं झालं. काकांची रोपं मात्र डोक्याच्याही वर गेली. वर पानांचा थाट आणि खाली नुसत्या काड्या. त्यातून शेळ्या एकीमागे एक, अगदी शिस्तीत आत शिरल्या आणि बाईंचे चार वाफे साफ करून गेल्या. बाईंनी कंपनीत निरोप धाडला. ते भगदाड कुणाचं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. मला होतं. मी काकांच्या घरी गेले.

मी सगळं सांगितलं. तीस वर्षांत त्यांच्या राखणीतलं काही गेलं नव्हतं. सांगितलं नसतं तर बरं, असं मला वाटून गेलं.

"कुंपणानंच शेत खाल्लं म्हणायचं," ते म्हणाले.

मग उठून त्यांनी खणातून बाईंची तीच कात्री काढली. आयुष्यात परत न केलेली ती एकच वस्तू असावी.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी बाईंना सगळं आपल्या तोंडाने सांगितलं, वर कात्रीचंही सांगितलं. बाई चिडल्या होत्याच, पण एवढा मोठा माणूस मान खाली घालून उभा पाहून त्यांनी राग गिळला. अजून वेळ गेलेली नाही, म्हणाल्या, पण कापायचं तुम्हीच.

काकांनी जमिनीला अंगठा टेकून वीत धरली. पहिल्या फांदीपाशी कात्री तीनदा उघडली, तीनदा मिटली, मग चालली. दहाव्या रोपाशी ती सरसर चालू लागली. तिसाव्यापर्यंत वीत नीट धरत नाही म्हणून ते मलाच झापत होते. नवी फूट येईपर्यंत मध्ये काटक्या रोवून ठेवल्या. मी कापलेल्या फांद्या फेकायला निघाले, तर त्यांनी त्या सुतळीने बांधल्या आणि मातीत खोचल्या तर जगतील का, असं बाईंना विचारलं. बऱ्याच जगतात, असं बाईंनी सांगितल्यावर काकांचा चेहरा त्या दिवशी पहिल्यांदा उजळला.

पुढचं वर्षभर काकू सगळ्यांना सांगत होत्या, घरात पाय ठेवायला जागा नाही. गॅलरीत, जिन्यात, न्हाणीच्या खिडकीत डबेच डबे, आणि प्रत्येक डब्यात एक रोप. मळा त्या वर्षी शाबूत राहिला. काकांच्या टप्प्यातून आता मांजरही जात नाही.

नंतरच्या श्रमदानाला काका टेम्पोतून चौऱ्याऐंशी रोपं घेऊन आले आणि ती एकेक जपून उतरवून घेतली. नवी लागलेली एक मुलगी तिचं पहिलं रोप लावून कात्री हातात धरून तशीच बसली होती.

"काका, एवढं एक नाही कापलं तर?" तिने विचारलं.

मी काकांकडे बघायचं टाळलं. ते तिच्याशेजारी गुडघे टेकून बसले आणि तिचा हात धरून रोपाशी वीत मांडून दिली.

"एवढं ठेव. वरचं काप," ते म्हणाले.

तिने डोळे मिटून कापलं. खाली पडलेली फांदी काकांनी उचलली, फुंकर मारून माती उडवली आणि खिशात घातली.