पाण्यातली फुगडी

पोहण्याच्या तलावात सांधेदुखीवाल्यांची आमची व्यायामाची बॅच सकाळी दहाला असते. कठडा धरून, कण्हत एकेक पायरी उतरणाऱ्या बायका छातीइतक्या पाण्यात शिरल्या की ओळखू येत नाहीत. गुडघे उचलतात काय, खिदळतात काय! पाणी अंगाचं वजन तर घेतंच, पण तासभर वयही स्वतःकडे ठेवून घेतं, असं मला वाटायचं.

व्यायाम संपला की कुसुमताई आणि त्यांची थोरली बहीण कोपऱ्यात फुगडी घालायच्या. जमिनीवर दोघींना धड मांडीही घालता येत नसे. फुगडी एकमेकींच्या भारावर तोलायची असते. पाण्यात तर भारच नसतो, मग या दोघी कशावर तोलतात, हे काही माझ्या मनात आलं नाही.

थोरल्या गेल्या महिन्यात वारल्या.

आज कुसुमताई पहिल्यांदाच एकट्या आल्या. व्यायाम झाल्यावर सवयीनं कोपऱ्यात गेल्या, हातांची फुली केली आणि तशाच उभ्या राहिल्या. मला राहवेना. मी पुढे होऊन त्यांचे हात धरले. आम्ही मागे रेललो, अर्धी गिरकी घेतली आणि हात सुटले.

"माझंच चुकलं," मी म्हणाले.

"नाही हो." त्या माझ्या हातांकडे बघत होत्या. "तुमची बोटं सरळ आहेत. ताईची पार वाकली होती. एकदा माझ्या बोटांत अडकली, की मी सोडवेपर्यंत सुटायची नाहीत."