टेरियर आणि विमानाची पेटी

आमचा टेरियर वीतभर उंचीचा, पण तोरा अर्बाबाचा, इथल्या अरब मालकाचा. नवऱ्याचे साहेब ओमान सोडताना "दोन आठवडे सांभाळा" म्हणून ठेवून गेले, ते गेलेच. तेव्हापासून बौशरच्या आमच्या फ्लॅटवर हुकूम त्याचा. 'बस' म्हटलं की उभा, 'ये' म्हटलं की सोफ्याखाली. कढीपत्त्याची कुंडी त्याने इतक्यांदा उकरली की शेवटी मीच कढीपत्त्याचा नाद सोडला. जनावरांची डॉक्टरीण म्हणाली, "ओरडून नाही ऐकायचा तो. रोज दमवा त्याला." म्हणून रस्ता तापायच्या आत, पहाटे फिरवायचं. दमायचे मी. तो घरी येऊन कुंडी उकरायला मोकळा.

मग नवरा रिटायर झाला. आता नागपूरला, कायमचं. मी सांगून टाकलं, "कुत्रा येत असेल तर मी येते. नाहीतर तुम्ही व्हा पुढे."

विमानासाठी पेटी आणली. डॉक्टरणीने बजावलं, कोंबायचं नाही, तो आपणहून आत गेला पाहिजे. आम्ही चिकन ठेवून पाहिलं. खालच्या वसईकरणीने दिलेला सुका बोंबील ठेवला. लबाडाने मान लांब करून बोंबील ओढला, मागचे पाय बाहेरच. साइटवर जन्मभर माणसं हाकत आलेला माझा नवरा पेटीपुढे ओणवा होऊन "यल्ला राजा, चल, यल्ला" करत होता. मी वरवर हळहळत होते. खरं सांगू? मनातून बरं वाटत होतं. मला जायचंच नव्हतं. मुलगी इथे वाढली, गाडी मी इथे शिकले, नागपुरात आता माझं कोण उरलंय? पण नवऱ्याला हे कोणत्या तोंडाने सांगणार? कुत्र्याच्या हट्टाआड माझा हट्ट झाकला जात होता.

एका संध्याकाळी नवरा सामानासाठी खोके आणायला गेला. मी पेटीसमोर फतकल मारून बसले, तिच्या दारावर हात आडवा धरला आणि कुत्र्याला म्हटलं, "नको रे जाऊस. राहू आपण इथेच."

जन्मात माझं एक ऐकलं नव्हतं मेल्याने. हाताखालून मुसंडी मारून आत शिरला, गोल फिरला आणि ऐसपैस बसला.

नवरा आला तो दारातच हरखला. "अगं, गेला की आत! काय केलंस काय?"

"काही नाही. नको म्हटलं," मी म्हणाले, आणि मला रडूच फुटलं. त्याला वाटलं, आनंदाने रडतेय. "शहाणा गं माझा," म्हणत तो कुत्र्याला थोपटत राहिला.