एक कडवं जास्त

माझ्या थोरल्या नणंदेनं, म्हणजे आमच्या वन्संनी, एकतीस वर्षं कापडगिरणीत माग चालवले आणि त्याहून जास्त वर्षं चर्चमध्ये पायपेटी वाजवली. लग्न केलं नाही. कुणी खोदून विचारलं तर म्हणायच्या, "दिवसभर मागाशी भांडते, घरी येऊन आणखी कुणाशी भांडू?"

मागांच्या खडखडाटात शेजारचीचं बोलणंही ऐकू येत नाही. तिथल्या बायका ओठ बघून बोलतात. त्यामुळे वन्संचे कान कधी गेले ते घरात कुणाला कळलंच नाही. एकदा भाजीला मीठ कमी म्हणाल्या, तर मी तोंडातल्या तोंडात पुटपुटले, "मग स्वतःच करून बघा." लगेच पदर खोचून उभ्या. "करते की. सरक."

पण चर्चमध्ये पेटी भिंतीकडे तोंड करून ठेवलेली, वाजवणाराची पाठ मंडळीकडे. एका रविवारी पाळकसाहेब म्हणाले, "उशीर झालाय, तिसरं कडवं सोडून देऊ." आम्ही तीनच कडवी म्हटली, पुस्तकं मिटली, खाली बसलो. आणि वन्संनी चौथं कडवं एकटीनं वाजवलं, अगदी जीव ओतून.

घरी जाताना म्हणाल्या, "मला हल्ली जरा कमी येतं ऐकू. पण मंडळी छान गायली, नाही का गं वहिनी? शेवटचं कडवं तर फारच."

मी म्हटलं, "हो ना."

त्या 'हो ना'पायी पुढचं सगळं झालं. मी घरोघरी जाऊन बायकांना सांगितलं, कडवं गाळलं तर शेवटचं दोनदा म्हणायचं, वन्संना कळू द्यायचं नाही. पाळकसाहेबांनाही पटवलं. आठ महिने सगळं चर्च तसं गात होतं. लोक म्हणायचे, वहिनी असावी तर अशी. खरं सांगायचं तर मला धाक होता लोकांचा. भावजयीनं नणंदेला पेटीवरून उठवलं, असं कुणी म्हणू नये, एवढंच माझं पुण्य.

मग एकदा शेवटचं कडवं दुसऱ्यांदा सुरू झालं आणि किराणावाल्याची बायको कंटाळून खालीच बसली. मी तिला कोपरानं ढोसलं. "अगं ऊठ, गा. वन्संना कळेल ना!"

नेमका तेव्हाच वन्संचा चष्मा घसरून पडला होता आणि तो उचलून त्या मागे वळल्या होत्या. माझे ओठ त्यांनी वाचले.

पेटी पुन्हा वाजलीच नाही. आम्ही मात्र अजून गातच होतो, दोन ओळी तरी.

वन्सं उठून मंडळीसमोर आल्या. "मला ऐकू येत नाही. मलाच वाटायचं, मी नसले तर तुमचं गाणं अडेल. त्या तोऱ्यात तुम्हाला इतके दिवस त्रास दिला. माफ करा." मग औषधवाल्याच्या मुलीपुढे गेल्या. तिला त्यांनीच शिकवलं होतं, बोटांवर पट्टी मारमारून. "तुला फार छळलं मी. ये, बस पेटीवर. पानं मी उलटते. पान संपलं की मान हलव."

लोकांच्या जिभेला हाड असतं का? कुणी म्हणालं नाटक, कुणी म्हणालं नम्रपणाचाही तोरा. चर्चचे एक पंच तोंडावर म्हणाले, "आजीबाई, आता घरी बसून प्रार्थना करा की."

"घरी कोण पानं उलटायला देतंय?" वन्सं म्हणाल्या.

कधी त्यांच्याकडून दोन पानं एकदम उलटली जायची, पोरं फिदीफिदी हसायची. माझी मान खाली जायची. "वन्सं, कशाला हसू करून घेता?" तर म्हणाल्या, "प्रभूपुढे वाकायचं ना? मग कोण बघतंय ते पाहायला मान वर केली तर वाकणार कधी?"

हे वाकणं त्यांना सगळ्यांपुढे साधलं. माझ्या बाबतीत साधलं नाही.

चष्मा पडला त्याच रविवारी, घरी आल्यावर, मी त्यांच्यापुढे बसून म्हटलं होतं, "वन्सं, चुकलं माझं. माफ करा."

त्या चष्मा पुसत राहिल्या. "मंडळीवर माझा राग नाही. तुझ्यावर आहे. तू माझ्या घरातली. मी तुला विचारलं होतं."

"मग माफ नाही करणार?"

"करायचंय. मागेन रोज प्रार्थनेत. आत्ता मनात नाही, आणि नुसतं तोंडानं 'केलं' म्हणू का? तुझ्यासारखं? आलं मनात की सांगेन."

त्यानंतर तीन वर्षं आम्ही एका ताटलीतलं खाल्लं, एका छत्रीतून चर्चला गेलो. माझा ताप उतरेना तेव्हा त्यांनीच उशाशी बसून रात्री काढल्या. रोज सकाळी त्या गुडघे टेकायच्या, ओठ हलायचे. ओठ वाचायला मी काही गिरणीत शिकले नव्हते. उठल्या की मी त्यांच्या तोंडाकडे बघायची. त्या म्हणायच्या, "चहा टाक."

एका मंगळवारी तो चहा अर्धा राहिला आणि वन्सं गेल्या.

तीन वर्षांत मी एकदाही विचारलं नाही, आलं का हो मनात? नाही म्हणाल्या तर, या भीतीनं. वन्सं खोटं बोलल्या नसत्या.