शिक्का नसलेला पाईप

"तुला कशातही खोट सापडते ना, मग सोलापूरला जा आणि तिथली काढ," असं माझा मित्र मिलिंद म्हणाला आणि मी निघालो. मिलिंदचं पुण्यात दुकान आहे. पितळी कंदील, गंजलेली कुलपं, लोणच्याच्या जुन्या बरण्या असला माल तो काचेमागे पिवळ्या दिव्याखाली मांडतो. जी बरणी आपण रद्दीवाल्याला फुकट देतो ती लोक तिथे हळूच, दोन्ही हातांनी उचलतात. यंदा त्याच्या डोक्यात तंबाखूचे हाती घडवलेले पाईप शिरले होते, तेही हातमागाच्या धोट्याच्या लाकडाचे. धोटा म्हणजे मागावर आडवा धागा घेऊन इकडून तिकडे पळणारी ती लाकडी होडी. सोलापुरातला एक जुना धोटेवाला हे पाईप करत होता आणि पुण्याला पाठवण्याआधी ते कुणीतरी तपासून द्यायचे होते.

मी कॉलेज संपल्यापासून पाईप ओढतो. तंबाखू वाईट असते हे खाली कॉमेंटमध्ये सांगायचे कष्ट घेऊ नका, ते काम माझ्या घरात रोज होतं.

पुण्याहून सोलापूरचा रस्ता सरळ, रुंद आणि भयंकर कंटाळवाणा आहे. गाडीने जाणार असाल तर सकाळी लवकर निघा. दुपारी इंदापूरच्या पुढे ऊन काचेतून आत येऊन मांडीवर बसतं. ढाब्यांवर 'अस्सल गावरान' अशी पाटी असेल तिथे थांबू नका. मी थांबलो, आणि पिठल्यावर मला किसलेलं चीज मिळालं. सोलापुरात स्टेशनजवळच्या लॉजवर उतरलो. खोली स्वस्त, चादर अर्थातच सोलापुरी, आणि पंख्याला दोनच वेग होते, बंद आणि वादळ. जुळे सोलापूरकडे नवी, नीटनेटकी हॉटेलं आहेत, पण तिथून पेठेत यायला रिक्षावाल्याशी रोज घासाघीस करावी लागते.

शुक्रवार पेठेत त्या धोटेवाल्या इब्राहिमचाचांचा पत्ता विचारला तर पानवाला म्हणाला, "कोन, बडबडे चाचा? आवाज यील तितं वळा." आणि खरंच आवाज आला. चाचा लेथवर काम करताना लेथशीच भांडत होते.

दुकान म्हणजे एक लांबट खोली. भिंतीला कानशी टांगलेल्या, वर माळा, आणि एका फळीवर ओळीने मांडलेले पाईप. आता खरं सांगतो. मी खोट काढायला गेलो होतो आणि दिसायला तरी एकही सापडली नाही. वाटी पुढे किंचित झुकलेली, दांडा होडीसारखा निमुळता, तोंडाकडचा भाग म्हशीच्या शिंगाचा, काळा आणि गुळगुळीत. मी तार घालून पाहिली. धुराचं भोक वाटीच्या अगदी तळाशी उघडत होतं. विकत मिळणाऱ्या निम्म्या पाइपांत ते वर उघडतं, मग तळाची तंबाखू ओली राहते आणि पाईप गुरगुरतो.

"बघताय काय, धोटा हाय तो!" चाचा म्हणाले. "आमच्या अब्बांनी ठोकळे तेलात मुरवून ठेवल्याले, माळ्यावर. लाकूड लई तेल पिल्यालं हाय. तडकनार न्हाय कदी."

"शिक्का कुठाय? मिलिंदला प्रत्येकावर तुमच्या नावाचा शिक्का हवाय."

चाचांनी मला खालून वर बघितलं. "शिक्का असाच मारत न्हाईत, साहेब. आमचा धोटा आदी विणकराकडं जायाचा. त्यो एक लुगडं विणायचा. मग यिऊन सांगायचा, धागा अडतुया का, कडंला लागतुया का. ठीक म्हनला तर शिक्का. न्हाय म्हनला तर परत घासायचा."

"मग पाइपाला विणकर कोण?"

"तुमी की. म्हनून तर बोलवलंय."

म्हणजे त्यांनी पाईप कधी ओढला नव्हता? नव्हता. बिडी नाही, पान नाही, काही नाही. ओळीने पाईप घडवणारा हा माणूस धुराच्या वाऱ्याला कधी उभा राहिला नव्हता. मला हसू आलं आणि मी ते लपवलं नाही. चाचाही लपवणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी सरळ सांगून टाकलं की हा माल गेला तर लेथ राहील, नाही गेला तर मुलगा ती भंगारात काढून खोलीत मोबाईल दुरुस्तीचं दुकान टाकणार. मुलाने म्हणे काउंटरचं मापही घेऊन ठेवलं होतं.

मी फळीवरचा सगळ्यात देखणा पाईप उचलला, भरला आणि पेटवला. पहिले दोन झुरके बरे गेले. मग वाटी तापली आणि तोंडात जे आलं त्याला मी चव म्हणणार नाही. बंद पडलेल्या गिरणीत कुणी भजी तळावीत तसा तो वास होता. मी बाहेर जाऊन थुंकलो.

"तुमची तंबाखूच बाद असंल," चाचा म्हणाले.

मी माझा जुना पाईप त्याच तंबाखूने भरून पेटवला आणि त्यांच्या नाकाखाली धरला. मग त्यांचा. चाचांनी मान वळवली नाही. बराच वेळ हुंगत राहिले, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "ह्यो तर अब्बांच्या तेलाच्या हंड्याचा वास," ते म्हणाले आणि स्टुलावर बसले.

तडकू नये म्हणून मुरवलेलं तेल धोट्याला अमृत, आणि पाइपात तेच जळत होतं. लाकूड जिवापाड जपणाऱ्या माणसाकडूनच ही चूक होणार. मी दुसरा पेटवला, तिसरा पेटवला. सगळे तसेच. मला वाईट वाटलं, पण खोटं बोलावंसं वाटलं नाही.

मिलिंदला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. सगळं ऐकून तो हसला. "अरे, ओढणार कोण आहे? लोक शेल्फवर ठेवतात. शिक्के मारायला सांग आणि पाठव."

माझं डोकं सटकलं. ज्या वस्तूला एकच काम आहे ते काम न करणारी वस्तू हौसेने घ्यायची, आणि वर 'वारसा' म्हणून पाहुण्यांना दाखवायची! मी मिलिंदला जे बोललो ते इथे लिहिता येणार नाही. चाचा मात्र शांत होते. फोन बंद झाल्यावर त्यांनी विचारलं, "कोनी वडनार न्हाय, पक्कं?"

"पक्कं."

"मग भोक कशाला पायजे?"

त्यांनी शिंगाच्या बारीक खुंट्या कापल्या, डिंक लावला आणि एकेका पाइपाचं भोक बंद करायला घेतलं. शेल्फवर ठेवायचा तर शेल्फचाच होऊ दे, चुकून कुणाच्या तोंडात आपल्या अब्बांचं तेल जायला नको, असा त्यांचा हिशेब. शिक्का एकावरही मारला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला कर्नाटकच्या हद्दीजवळच्या दुधनीला नेलं. तेल न प्यालेल्या लाकडाचा खरा पाईप करायचाच, असं त्यांनी मनावर घेतलं होतं. अक्कलकोटमार्गे एसटी जाते. गाडी जुनी, खिडक्या खुळखुळ्या, पण रस्ता मोकळा आहे आणि अक्कलकोटच्या पुढे मागच्या सीटवरचं भांडण हळूहळू मराठीतून कन्नडमध्ये जातं. तुमचा तेवढाच विरंगुळा. स्टँडसमोर कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दह्याचं जेवण मिळतं. या प्रवासात नावं ठेवायला जागा न मिळालेली ती एकमेव गोष्ट.

तिथल्या भंगारवाल्याकडे मोडक्या बैलगाडीचं चाक होतं, जुन्या बाभळीचं, कोरडं ठाक. भंगारवाला कन्नडमध्ये चाकाचं कौतुक करत होता आणि चाचा कन्नडमध्येच त्याला वेड्यात काढत होते. मधला, आसाभोवती फिरणारा जाडजूड तुंबा बघून मी म्हणालो, "हा घ्या, भरपूर लाकूड आहे."

"तुंबा नगं," चाचा म्हणाले. "त्यानं जलमभर वंगण खाल्लंय. आरा घ्या." कालचा धडा ते विसरले नव्हते. मी विसरलो होतो.

आऱ्याचा, म्हणजे चाकाच्या दांड्याचा, पाईप तिसऱ्या दिवशी संध्याकाळी माझ्या हातात आला. भोक आधी पाडलं, आकार मागून दिला. दिसायला तो फळीवरच्या पाइपांहून साधा, जरा धिप्पाडच. "महिनाभर वडा, मग सांगा," चाचा म्हणाले. शिक्का अर्थातच नाही.

पुण्यात मिलिंदच्या दुकानी चाचांचे पाईप मखमलीवर मांडलेले पाहिले. प्रत्येकावर शिक्का होता. पुण्यातच लेझरने मारलेला. एक गृहस्थ पाईप ओठांत धरून, डोळे मिचकावून फोटो काढून घेत होते. त्यांनी ओढूनही पाहिला असणार, कारण गाल आत गेले होते. भोक बंद आहे हे त्यांना कळलं नाही. माल संपला, पुढची मागणी सोलापूरला गेली, लेथ राहिली. मोबाईलचं दुकान आता जिन्याखाली निघणार आहे.

माझा पाईप मी घरी रोज ओढतो. धूर गोड येतो, वास स्वच्छ, गुरगुर नाही. पण तळ तापतो, बोट ठेववत नाही. महिना झाल्यावर चाचांचाच फोन आला. बायको समोर होती. तिने हातानेच खूण केली, चांगलं बोल. म्हाताऱ्या माणसाने एवढं मन लावून केलंय, एका छानने तुझं काय जातंय? मीही क्षणभर ओठांपर्यंत आणलं होतं.

"तळ तापतोय, चाचा," मी म्हणालो. "लाकूड तिथे कमी पडलंय."

पलीकडे लेथ घरघरत होती. मग ती थांबली.

"बरं झालं बोल्लात," चाचा म्हणाले. "हितं जो येतुया त्यो छानच म्हनतुया. छान म्हनल्यावर मानसानं घासायचं काय? घिऊन या त्यो. दुसरा करतो, तळ जाड ठिवतो."

आयुष्यभर लोकांनी मला किरकिऱ्या म्हणून टाळलं. लग्नाच्या जेवणात मला कोपऱ्यातल्या टेबलावर बसवतात. माझ्या किरकिरीसाठी वाट बघत बसलेला माणूस मला पहिल्यांदाच भेटला होता. फोन ठेवला तेव्हा बायको म्हणाली, "दुखावलंस ना त्यांना?"

मी पाईप रिकामा केला, तार घालून साफ केला आणि सोलापूरच्या बॅगेत ठेवला.