एकही फोड नसलेले पाय
हळद शिजायचा वास आला की मला कुरुंद्यातली ती म्हातारी आठवते. आमची माहूर ते औंढा पायी यात्रा चालली होती. बाकीचे वाटेतल्या गावच्या शाळेच्या फरशीवर मुक्काम करायचे. मी मात्र रोज संध्याकाळी गाडी मागवून शहरातल्या एसी हॉटेलात पाय शेकून, मलम चोळून झोपायचो आणि सकाळी परत त्यांच्यात मिसळायचो. वाटेवरच्या कुरुंद्यात घरोघरी हळद शिजत होती, आणि ती म्हातारी आम्हा सगळ्या यात्रेकरूंच्या पायांना तेल चोळत होती. माझे पाय हातात घेऊन ती थबकली. "इतकं चालून तुमाला एक फोड न्हाई? काहून?" मी म्हणालो, "देवाची कृपा." तिला ते खरंच वाटलं. तिनं माझ्या पावलांवर कपाळ टेकवलं आणि मी पाय मागे घेतले नाहीत. त्या संध्याकाळीही मी गाडी बोलावलीच. घरी अजूनही माझ्या पायी यात्रेचं कौतुक होतं, तेव्हा मी खाली बघत बसतो.