कमरेचा एरियल

…तर जानराव त्या पांढऱ्या नळीत गळ्यापर्यंत गेले, कानात बोळे, मुठीत काही झालं तर दाबून बोलवायचा रबरी फुगा, आणि मशीननं ठोकायला सुरुवात केली, इथवर काल आलो होतो. कालच्या बैठकीला जे नव्हते त्यांच्यासाठी थोडं मागे जाऊ.

जानराव पातोंड म्हणजे बाळापूरचे रेडिओवाले. पन्नास वर्षांचं दुकान. गावानं रेडिओ माळ्यावर टाकून मोबाइल घेतले, तरी यांनी पाटी उतरवली नाही. कोणाचा तरी जुना डबा उघडायचा, काळ्या कांडीवरचं तारेचं वेटोळं नखानं केसभर सरकवायचं, की मुकं झालेलं स्टेशन बोलू लागायचं. गिऱ्हाईक मात्र दोन हात लांब उभं राहिलं पाहिजे. माणूस जवळ आला की स्टेशन हलतं, म्हणून शरीर नावाच्या वस्तूवर त्यांचा जुना राग.

दिवाळीनंतर त्यांचं उजवं पाऊल घासत चालू लागलं. चप्पल निसटून मागे राहायची आणि यांना चार घरं पुढं गेल्यावर कळायचं. अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की मणक्यात नस दबली आहे. नेमकी कुठं ते एमआरआयमध्ये दिसल्याशिवाय हात लावणार नाही, आणि उशीर केला तर पाऊल कायमचं गेलं समजा. म्हणून सुभद्राबाई नवऱ्याला जठारपेठेकडच्या एका तपासणी केंद्रात घेऊन आल्या.

तिथं मशीन चालवणारी प्रणाली म्हणून मुलगी. तिनं घड्याळ काढायला लावलं, अंगठी काढायला लावली, दात खरे की खोटे तेही विचारलं. अंगावर आणखी काही धातू? करदोडा वगैरे? जानराव नाही म्हणाले. तोंडावर सुरकुती न हलू देता नाही म्हणाले.

आणि केंद्रानं घालायला दिलेल्या झग्याखाली, कमरेला, चांगला बोटभर जाड चांदीचा करदोडा. लग्नात सासऱ्यानं घातलेला. त्याचा आकडा झिजला तेव्हा सोनाराकडं कोण जातो, यांनी दुकानातच सोल्डरनं दोन्ही टोकं जोडून टाकली होती. निघायचा तर तोडूनच. आणि पातोंडांच्या घरात करदोडा तुटतो तो एकदाच, माणसाला आंघोळ घालून तिरडीवर ठेवताना. ते काम अकोल्यात, जित्याजागत्या अंगावर कोण होऊ देईल? चांदी चुंबकाला चिकटत नाही, एवढं तर त्यांना ठाऊक होतं. मग काय बिघडतंय?

पाचेक मिनिटं गेली. कमरेला ऊब लागली. बरं वाटलं म्हणे, शेक घेतल्यासारखं. मग ऊब वाढली. मग एकदम कोणी इस्त्रीची कड टेकवावी तसा चटका, डाव्या कुशीपासून उजव्या कुशीपर्यंत. आग नाही, तार नाही, कोणी हात लावलेला नाही, आणि कातडं भाजतंय! जानरावांनी फुगा असा दाबला की फुटायचाच राहिला.

प्रणालीनं मशीन थांबवून त्यांना बाहेर ओढलं, झगा वर केला आणि तिचा चेहराच उतरला. कमरेभोवती लाल पट्टा उठला होता. ती रागावली, आणि रागावून झाल्यावर मलम लावता लावता तिनं समजावलं. चुंबकाचा प्रश्नच नव्हता. ही मशीन अंगात रेडिओलहरी सोडते. चांदीचं बंद वेटोळं मध्ये आलं की लहर त्यात वीज फिरवते आणि ते तापतं.

जानराव मलम विसरले. "रेडिओ? कोणत्या मीटरवर?"

प्रणालीला मीटर कळेना. तिनं आकडा सांगितला: चौसष्ट मेगाहर्ट्झच्या आसपास. एफएमच्या जरा खालीच की! यांनी विचारलं, मग ऐकणारा सेट कुठं ठेवलाय? ती म्हणाली, आधी बोलणारं स्टेशन तर ऐका. अंगातल्या पाण्यात हायड्रोजनचे कण असतात. चुंबक त्यांना वळणावर आणतं, लहर त्यांना हलवते, आणि लहर बंद केली की परत जागेवर येता येता तेच कण स्वतः लहर सोडतात. मशीन ती पकडून चित्र काढते.

"म्हणजे मी वाजून राहिलो?"

"हो बाबाजी, तुम्हीच."

जानरावांनी स्वतःच्याच मनगटाला कान लावून पाहिला. पन्नास वर्षं ज्या शरीराला दोन हात लांब हाकललं, त्याच्या थेंबाथेंबातून असं काही ऐकू येऊ शकतं आणि आपल्याला पत्ता नाही! त्यावर कडी म्हणजे, जो एरियल आपण हातानं जोडला तो आपल्याच कमरेला. सुभद्राबाईंनी दोनदा पाणी पुढं केलं; त्यांना दिसलं नाही.

शेवटी प्रणालीनं सरळ सांगितलं. भाजलेलं वरवरचं आहे, डॉक्टर बघून घेतील, तपासणी आजच होऊ शकेल. पण करदोडा तोडल्याशिवाय ती त्यांना आत घेणार नाही.

सुभद्राबाई मधे उभ्या राहिल्या. त्यांच्या बापानं घातलेला होता तो. "आवो, जित्या माणसाचा करदोडा कोनी तोडते काय? काई झालं म्हंजे? वर माह्या बापाले काय वाटन?"

जानराव उठले, दुखरं पाऊल घासत मशीनच्या दाराशी गेले, झगा धरून उभे राहिले आणि बायकोला म्हणाले:

"सुभद्रा, तुह्या बापाले मी लग्नात रेडिओ मांगतला होता, तो त्यानं देल्ला नाई अन् एरियल तेवढा कमरेले बांधला. तोडू दे त्या पोरीले. पाय राहिला तं दुसरा करदोडा मी सोताच्या पायानं जाऊन आनीन, पन याच्यापायी पाय गेला तं वर तुह्या बापासमोर मी काय लंगडत जाऊ?"